डाव्या हाताचं हाड

हाताचं हाड मधोमध मोडलं असलं तर ते पडून मोडलेलं नसतं, एवढंच शाम म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला असंही नाही. टेबलावर पांढऱ्या कापडावर हाडं मांडली होती, त्यांच्यावर वाकून तो म्हणाला, आणि मी नाकाला पदर लावून उभी होते ती तशीच उभी राहिले. माणूस पडतो तेव्हा हात टेकतो, म्हणाला, म्हणून मोडतं ते मनगटापाशी. हे बघ, हे करंगळीच्या बाजूचं हाड आहे, डाव्या हाताचं, आणि हे मधेच मोडलंय. असं कधी मोडतं सांगू? आणि त्यानं आपला डावा हात कोपरात वाकवून कपाळापुढे आडवा धरला, मान खांद्यात घेतली, डोळे मिटले. एकतीस वर्षांचा माझा मुलगा, टाळू दिसायला लागलेला, सरकारी कचेरीत पंख्याखाली मार चुकवणाऱ्या माणसासारखा उभा होता. आणि मी तो हात ओळखला. आठ वर्षं झाली होती, तरी ओळखला.

मी तिथं गेले होते चिमटा मागायला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, अडकित्ता, सुनेचं, शकुनचं, शिवणयंत्र, ह्यांचा वस्तरा आणि दौत-टाक, आणि मधोमध माझं मुसळ. शामकडे डोकी मोजायची एक वस्तू आहे, तिलाच मी चिमटा म्हणते, वाकड्या पायांची, खेकड्यासारखी, ज्याच्यावर पोट भरतं ते पुजायला नको का, म्हणून दरवर्षी मी मागायची आणि दरवर्षी तो म्हणायचा, "आई, ती सरकारची आहे." यंदा मी म्हटलं, "सरकारला सांग, कुंकू लावून परत देते," आणि दुर्गापूजेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बालीगंजहून ट्रॅम धरून स्वतःच जादूघराच्या, म्हणजे कलकत्त्याच्या म्युझियमच्या, मागच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. त्याची नोकरी मी कधी कोणाला नीट सांगितली नव्हती. मुलगी बघायला गेलो तेव्हा ‘पुराणवस्तूंच्या खात्यात’ एवढंच सांगितलं. माझं शिक्षण मराठी तिसरी, पण सांगावं किती आणि गिळावं किती हे मला शाळेत शिकावं लागलं नाही. शकुनला लग्नानंतर महिन्याभरानं कळलं की नवरा रोज मढ्यांत हात घालून येतो. बिचारी काही बोलली नाही. मी मात्र त्याला दारातच धोतर बदलायला लावत असे.

तर ही मढी दहा हजार वर्षांपूर्वीची, शाम म्हणाला. कुठल्याशा नदीकाठच्या टेकाडाखाली एकाच खड्ड्यात सतरा माणसं निघाली. त्यात बायका होत्या, दोन पोरंही होती. एकाच्या पाठीच्या मणक्यात दगडी बाणाचं टोक रुतून बसलं होतं, माशाचा काटा घशात अडकावा तसं. त्याच्या साहेबाला लिहायचं होतं की ही लढाई, माणसांमधल्या अगदी पहिल्या लढायांतली एक. शाम म्हणाला, "माणसं कधीपासून लढायला लागली, तेच आम्ही शोधतोय, आई."

"त्यात शोधायचं काय? दोन जावा एका चुलीवर आल्या तेव्हापासून."

शेजारच्या टेबलावर बसलेले बंगाली बाबू हसले. त्यांना मराठी कळत नाही, पण मी बोलले की लोक हसतात. शामही हसला. मग म्हणाला, "मला ही लढाई वाटत नाही. लढाईत दोन बाजू असतात. इथं बघ, कवटी फुटलीय ती मागून. बाण लागलाय तो पाठीत. आणि हात मोडलेत ते असे, आडवे धरलेले. ही पळणारी आणि मार चुकवणारी माणसं आहेत. मारणारे ह्या खड्ड्यात नाहीतच. ते घरी गेले, जेवले आणि आपण कसे लढलो ते त्यांनी पोराबाळांना सांगितलं असेल." तो हे सहज बोलला. त्याच्या तोंडावर मला काही दिसलं नाही, आणि मी तोंड वाचण्यात कच्ची नाही. "चिमटा दे," मी म्हटलं. त्यानं तो रुमालात गुंडाळून दिला. हाड कापडावर होतं तिथंच होतं, दोन तुकडे, मधे बोटभर अंतर, आणि मी विचारलं, का विचारलं देव जाणे, "जुळलं नव्हतं का रे हे?" तो म्हणाला, जुळायला दिवस लागतात. जुळलं असतं तर इथं गाठ दिसली असती. ह्याला दिवस मिळाले नाहीत.

ट्रॅममध्ये बायकांच्या बाकावर मी चिमटा मांडीवर धरून बसले. रस्त्याकडेला मांडवांचे बांबू उभे होते, पूजेचे ढोल वाजवणारे ढाकवाले आधीच येऊन पदपथावर झोपले होते, आणि मी मनात माझी गोष्ट सांगत होते, पहिल्यापासून, जशी नेहमी सांगते तशी. सेहेचाळीस सालच्या ऑगस्टातली, दंगलीतली गोष्ट. आम्ही तेव्हा खिदिरपूरला गल्लीत राहात होतो, खालची खोली आणि लाकडी जिन्यानं वरची. हे कस्टममध्ये, गोदीतच अडकून पडले, दोन दिवस पत्ता नाही. शाम तापानं फणफणलेला, वर निजलेला. गल्लीच्या तोंडाशी काय चाललं होतं ते मी सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. कडी जुनी, दोन धक्क्यांत निघाली. दार हातभर उघडलं आणि एक दांडगा माणूस, हातात एवढा सुरा, आत घुसायला बघतो. मी कोपऱ्यातलं मुसळ उचललं, खैराचं, वाईहून माहेराहून आणलेलं, खाली लोखंडी कडं असलेलं, आणि घातलं. हात मोडल्याचा आवाज झाला. दार लोटलं, पाटा लावला, वर मी बसले. बाहेर सगळी टोळी पळत गेली, ती पावलं मी मोजली. ही माझी गोष्ट. कलकत्त्यात जेवढी मराठी घरं आहेत तेवढ्या घरांनी ती ऐकलेली आहे. एका बाईनं, मराठी तिसरी शिकलेल्या, एकटीनं घर राखलं. ह्यांना नोकरीत बढती मिळाली तेव्हासुद्धा लोक ह्यांची ओळख करून देत ती ‘मुसळवाल्या शारदाबाईंचे यजमान’ म्हणून, आणि ह्यांना ते आवडत नसे, आणि मला फार आवडे. यंदा दसऱ्याला मराठी मंडळात माझा सत्कार ठरला होता. मुसळासकट खुर्चीवर बसवून शाल देणार होते.

पण हात. शामनं धरला तसाच होता तो, आडवा, कपाळापुढे. सुरा असलेला माणूस कपाळापुढे हात कशाला धरेल? मी स्वतःला म्हटलं, डावा हात आड धरला असेल आणि सुरा उजव्यात. तेवढ्यानं मला बरं वाटलं, दोन थांबे जाईपर्यंत बरं वाटलं. मग भवानीपूरच्या आसपास एक माणूस उतरताना दाराच्या कडेला धरून लोंबकळला, आणि त्याची चार बोटं मला माझ्या बाजूनं दिसली, नखं पांढरी पडलेली. आमच्या दाराच्या कडेवरही चार बोटं होती. मी ती विसरलेच नव्हते. रोज स्वयंपाकघरात जी वस्तू असते ती जशी दिसत नाही तशी ती मला दिसत नव्हती, एवढंच. उजव्या हातानं तो दार धरून होता, मी लोटू नये म्हणून. एक हात दारावर, एक कपाळावर. माणसाला हात दोनच असतात. मग सुरा कोणत्या हातात होता? मी आठवायला लागले की सुरा गोष्टीत केव्हा आला. पहिल्यांदा हे घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, ‘कोणीतरी घुसत होतं.’ शेजारच्या नायडूबाईंना सांगितलं तेव्हा त्याच्या हातात काठी होती. बालीगंजला राहायला आलो तेव्हा काठीचा सुरा झाला होता. आणि दांडगा? अर्धा चेहरा दिसला, तोही हातामागे. दाढी होती की नव्हती, गळ्यात काय होतं, तो त्यांचा होता की आपला, मला ठाऊक नाही. तेव्हाही ठाऊक नव्हतं. तो ‘मा’ म्हणाला होता, आणि इथं सगळेच ‘मा’ म्हणतात, भाजीवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो. एकदाच म्हणाला. ते मी गोष्टीत कधी घातलं नाही. घालून काय करायचं होतं? ऐकणाऱ्यांनी विचारलं असतं, मग?

आणि पावलं. घर येईपर्यंत मी पावलांशी भांडत होते. टोळी पळाली, हे तर खरं ना, मुसळाचा आवाज ऐकून पळाली, ती पावलं मी पाट्यावर बसून ऐकली. पण पळून जाणारी पावलं आधी मोठी असतात, मग लहान होतात. माझी पावलं आधी लहान होती. गल्लीच्या तोंडाकडून आली, मोठी झाली, आमच्या दारावरून गेली, तो ज्या बाजूला गेला त्या बाजूला. म्हणजे तो आला तेव्हा त्याच्यामागे कोणी पोचलेलं नव्हतं. तो त्यांच्यातला पहिला नव्हता, त्यांच्या पुढे होता. हे सगळं माझ्या कानात आठ वर्षं होतं, ह्याच क्रमानं होतं, आणि मी सांगताना क्रम बदलून सांगत होते. मला कोणी शिकवलं नव्हतं तसं करायला. थांबा आला तरी मी उठले नाही. कंडक्टरनं "मा, नामबेन ना?" म्हणून, उतरायचं नाही का असं, विचारलं तेव्हा मी त्याच्या अंगावर खेकसले, आणि मग खाली उतरून खांबाला धरून उभी राहिले, तोंडावर पदर ओढून, आणि माझ्याकडे तर कोणी बघतसुद्धा नव्हतं.

घरी अंघोळ केली. चिमट्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं. शकुन म्हणाली, "आई, जेवण वाढू का? चेहरा उतरलाय तुमचा." मी म्हटलं, "मढी बघून चेहरा फुलतो होय? तुझ्या नवऱ्याचा फुलत असेल." ती हसून आत गेली. मुसळ दाराआड उभं होतं. इथं पोहे कांडायचे नसतात, तयार मिळतात. मुसळाला आठ वर्षांत दुसरं काम नाही, वर्षातून एकदा हार घालून घेणं एवढंच. मी ते हातात घेतलं. लोखंडी कडं गुळगुळीत होतं, लाकूड तेल प्यालेलं, कुठं डाग नाही, काही नाही. शाम हाडावरून दहा हजार वर्षांचं सांगतो. मुसळावर काही उरत नाही. उरतं ते ज्याला लागलं त्याच्यावर.

नवमीला बायका आल्या. सरलाबाई, मंडळाच्या चिटणिसांच्या मंडळी, त्यांच्याबरोबर वृंदाताई, नवऱ्याची बँकेतून नुकतीच बदली होऊन आलेल्या, नवीनच. पाटावर सगळं मांडलं होतं. मुसळ मी ठेवलं नव्हतं, पण शकुननं ठेवलं, तिला वाटलं मी विसरले, आणि झेंडूची माळही घातली. शेजारी शामचा चिमटा. शाम खोलीच्या दारात उभा होता. सरलाबाई म्हणाल्या, "वृंदाताईंनी ऐकलेली नाही हो. सांगा ना, काकू. उद्या मंडळात सांगायचीच आहे, आज तालीम समजा." माझी नात वैशाली, सहा वर्षांची, मांडीला येऊन चिकटली. मी बघितलं, शाम वळून आत निघाला होता. मी गोष्ट सुरू केली की तो दरवेळी आत जातो, हे मी दरवेळी पाहिलं होतं, आणि दरवेळी मला वाटे, बिचाऱ्याला लाज वाटते, आई लढली आणि आपण तापात पडून होतो. "शाम, थांब," मी म्हटलं. तो थांबला.

मी सांगितलं. गल्ली सांगितली, कडी सांगितली, दोन धक्के सांगितले. दार हातभर उघडलं, मी म्हटलं, आणि एक माणूस होता.

"सुरा राहिला, आजी," वैशाली म्हणाली.

"सुरा नव्हता," मी म्हटलं. "हातात काही नव्हतं. एक हात दारावर होता, एक असा." मी धरून दाखवला. माझ्या बांगड्या कोपराकडे घसरल्या, त्यांचा आवाज झाला, आणि हात वर धरला की आपल्याला समोरचं काही दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. "तो आत यायला बघत होता. लपायला. त्याच्यामागे माणसं लागली होती. मला ‘मा’ म्हणाला. मी मुसळ घातलं आणि दार लावलं."

बाहेर ढाक वाजत होता. मला वाटलं, आता ह्या उठतील. उठाव्यात असंही वाटलं. मी उठले असते. मग वृंदाताई, नवीन बाई, मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, पण कमरेला असेल हो लपवलेला. त्या दिवसांत काय सांगावं."

"असणारच," सरलाबाई म्हणाल्या. "आणि ‘मा’ काय, तसंच म्हणून घुसायचे. दार उघडायला लावायची युक्ती. काकू, तुमचा मोठेपणा की तुम्ही असं म्हणता. दुसरी असती तर चार जणांना मारलं म्हणून सांगितलं असतं."

"मी सांगतेय ते ऐका," मी म्हटलं. "मी त्याला घालवला. त्यांच्यात घालवला."

"तुमच्यावर वेळच तशी आली होती," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, डावाच, आणि थोपटला. मग उठून कोयरीतलं कुंकू घेतलं, मुसळाला लावलं, कड्याच्या वर, आणि वृंदाताईंना म्हणाल्या, "लावा, तुम्हीही लावा." त्यांनीही लावलं. मी आयुष्यात ज्यांना ज्यांना गप्प बसवलं त्यांची मोजदाद नाही. ह्या दोघींना मला गप्प बसवता येईना. सुरा मी आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हातात दिला होता; आता मागितला तर त्या परत देईनात.

त्या गेल्यावर मी ओल्या फडक्यानं मुसळ पुसत बसले. तेल प्यालेल्या लाकडातून कुंकू निघत नाही, पसरतं. शाम समोर येऊन जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे जवळ घेऊन. चिमटा हातात घेतला आणि म्हणाला, "मला ताप नव्हता, आई."

"ठाऊक आहे. तो मीच घातला तुझ्या अंगात. लोकांनी विचारलं असतं, मुलगा कुठं होता."

"मी जिन्यावर होतो. वरून चौथ्या पायरीवर. मला ‘मा’ ऐकू आलं. दार परत उघडता आलं असतं. तू पाट्यावर बसली होतीस, मी तुला उठवू शकलो असतो, तेवढी ताकद होती मला." तो चिमटा उघडत होता आणि मिटत होता. "मी तेवीस वर्षांचा होतो."

"म्हणून मला ते हाड दाखवलंस?"

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "माहीत नाही."

मी त्याला म्हणू शकले असते की तुझा काही दोष नाही. आया म्हणतात तसं. पण त्या दिवशी ते शब्द मी ऐकले होते, दोन बायकांच्या तोंडून, आणि ते कसे लागतात ते मला कळलं होतं. मी विचारलं, "जुळायला किती दिवस लागतात?"

त्याला कशाचं ते विचारायची गरज पडली नाही. "सहा आठवडे. नीट बांधला तर."

"आणि नाही बांधला तर?"

"तरी जुळतो. वाकडा जुळतो, इथं गाठ येते, हाताला लागते. माणूस राहिला तर जुळतोच, आई." त्यानं माझा हात धरून करंगळीच्या बाजूनं बोट फिरवून जागा दाखवली, मनगट आणि कोपर ह्यांच्या बरोबर मधे. तिथं हाड कातडीच्या अगदी खाली असतं. मला हे पन्नास वर्षांत कधी समजलं नव्हतं.

दसऱ्याला मी मंडळात गेले नाही. पाय दुखतो म्हणून कळवलं, आणि पाय दुखत नव्हता. एवढी लढणारी बाई, तेवढं खरं सांगायला धजली नाही. शाल घरी आली, घडी न मोडता ट्रंकेत आहे. चिमटा शामनं सुट्टी संपल्यावर परत नेला. मुसळ मी शकुनला सांगून वर माळ्यावर टाकलं. पुढच्या नवमीला काढू नकोस म्हटलं, आणि का ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी ट्रॅमनं फार जाते. कारण काढून जाते. एस्प्लनेडला काम नसलं तरी जाते, कधी खिदिरपूरपर्यंत. शकुनला वाटतं सासूबाईंना म्हातारपणी फिरायचा नाद लागला. बायकांच्या बाकावर बसलं की समोर दांड्याला धरून उभे असतात त्यांचे हात डोळ्यांच्या उंचीला येतात. कुणाचा सदरा दुमडलेला असतो, कुणाचा घामानं चिकटलेला. मी डावे हात बघते. घड्याळाच्या वर, कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूला. लोक संकोचतात, एखादा हात काढून घेतो, एखादा माझ्याकडे बघून हसतो, त्याला वाटतं म्हातारीला काही विचारायचं आहे. गाठ असलेला हात सापडला तर त्या माणसाशी काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. कोणत्या भाषेत बोलायचं तेही नाही. शेवटचा थांबा येतो, सगळे उतरतात, दांडा रिकामा हलत राहतो, आणि कंडक्टर म्हणतो, मा, उतरा.